सातव्या भागाचा हूं

नमिताने आयुष्यात चार-पाच माणसं दुखावली असतील, पण ती सगळी नात्यातली होती, त्यामुळे तिने त्याचं फारसं मनावर घेतलं नव्हतं. कधी न पाहिलेलं माणूस दुखावण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते मात्र तिला कुसळासारखं टोचत होतं.

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या तिच्या घराच्या पुढच्या खोलीत फॉल-पिकोचं मशीन होतं आणि मशीनशेजारी, रिळांच्या डब्याला टेकून ठेवलेला मोबाईल. त्या मोबाईलवर 'मंग काय झालं' नावाचा गट. बेचाळीस माणसं, सगळी गोष्टी लिहिणारी. कोणी हिंगणघाटचं, कोणी आर्वीचं, एक चारुता तर पार पुण्याला जाऊन बसलेली. दर गुरुवारी दिवेलागणीला ज्याच्या त्याच्या गोष्टीचा पुढचा भाग यायचा. बाकीच्यांनी वाचायचं, पाठ थोपटायची, चुका दाखवायच्या आणि लिहिणाऱ्याने मध्येच बसकण मारली तर काखेत हात घालून त्याला उठवायचं.

गट काढला होता पवनारच्या नानांनी, तीन वर्षांपूर्वी. नाना निवृत्त मास्तर, त्यामुळे त्यांनी गटाच्या आधी नियम काढले. चौदा नियम, गटाच्या माथ्यावर लिहून ठेवलेले. नवीन माणूस आला की ते त्याला आपोआप दिसत, आणि नवीन माणूस ते तितक्याच आपोआप न वाचता खाली सरके. सगळ्यांच्या लक्षात राहिले होते ते दोनच. एक, कोणी कोणाला घरदार विचारायचं नाही. आडनाव काय, कोणाच्या कोण, शेती किती, काही नाही. दुसरा, प्रत्येक गोष्टीला एक हुंकारी. पूर्वी म्हातारी माणसं गोष्ट सांगत तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी एकाने 'हूं, हूं' म्हणत राहायचं असे, नाहीतर पोरं जागी आहेत की झोपली हे सांगणाऱ्याला कळणार कसं? तसंच इथेही. गोष्ट सुरू झाली की नाना चिठ्ठ्या टाकत. ज्याचं नाव निघेल तो त्या गोष्टीचा हुंकारी. बाकीचे वाचोत न वाचोत, त्याने प्रत्येक भाग मन लावून वाचायचा.

आनंदाबाईंच्या गोष्टीला चिठ्ठी निघाली ती नमिताची.

आनंदाबाई श्रावणात गटात आल्या आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी गोष्ट सुरू केली. गया नावाची एक बाई. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज नुसता ऐकून तिला कळतं की बिघाड कुठे आहे. पण बाईमाणसाने मोटार दुरुस्त केली असं गावात म्हणायचं नाही, म्हणून लोक तिला पहाटे गुपचूप घेऊन जातात आणि दिवसा ओळख दाखवत नाहीत. साध्या वऱ्हाडीत, एकेक वाक्य भाकरीसारखं थापून ठेवलेलं. सातव्या भागापर्यंत सगळा गट गयेच्या मागे वेडा झाला होता. त्या भागाच्या शेवटी गया संध्याकाळची मोटारीच्या खोलीच्या छतावर जाऊन बसते, रोजच्यासारखी. 'मंग उतराले पाय खाली सोडला, त पायाले काहीच लागलं नाई. तिनं खाली पाह्यलं. शिडी नवती.'

इथे भाग संपला. शिडी कोणी नेली यावर गटात दोन तट पडले. दिराने नेली म्हणणारे एकीकडे, सरपंचाने नेली म्हणणारे दुसरीकडे. नानांनी तटस्थ राहतो म्हणून सांगितलं आणि खासगीत चारुताला लिहिलं की दीरच.

आता नेमकं त्याच आठवड्यात नमिताने मोबाईलवर एक कार्यशाळा केली होती, 'समीक्षा कशी करावी'. दोन दिवसांची. प्रमाणपत्रही मिळालं, ते तिने मशीनच्या वर, पिकोच्या दरपत्रकाशेजारी चिकटवलं. आधीच्या सहा भागांना ती 'हूं. मस्त. गया भारी बाई आहे' एवढं लिहून मोकळी होत असे. सातव्या भागाला तिने सतरा मुद्दे लिहिले. क्रमांक घालून. चौथ्या मुद्द्याला तिला 'पटत नाही' हे शब्द सापडले, आणि कात्रीला नवी धार लावली की हाती येईल ते कापड कापावंसं वाटतं, तसं तिचं झालं. आवाजावरून बिघाड कळतो, पटत नाही. बाई रोज संध्याकाळी छतावर जाऊन बसते, पटत नाही. शिडी जाते आणि वर बसलेल्या बाईला पत्ता लागत नाही, अजिबात पटत नाही.

गुरुवार आला. आठवा भाग आला नाही. पुढचा गुरुवारही कोरडा गेला.

मग नमिताने लिहिलं, 'आनंदाबाई, माझं काही लागलं असेल तर माफ करा, पण लिहिणं सोडू नका.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. शब्द एकही नाही. नुसते जोडलेले दोन हात.

त्या हातांवर गटाने एक अख्खी दुपार घालवली.

'हे नमस्काराचे हात नाहीत,' चारुताने लिहिलं. 'हे निरोपाचे आहेत. माझी एक जाऊ असेच हात पाठवून गटातून गेली.'

'एका चित्रावरून निष्कर्ष काढू नये,' नाना म्हणाले.

'नाना, तुम्ही निष्कर्ष म्हटलं की जास्त भीती वाटते.'

'नमिताताई, सतरा जरा जास्तच झाले का?' असंही कोणीतरी हळूच विचारलं. फोन लावावा तर बाई संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

नमिता मशीन चालवत राहिली, पण तिचं लक्ष लागेना. एका निळ्या साडीला तिने हिरवा फॉल लावला आणि तो उसवताना तिला आपलीच गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी तिनेही या गटात एक गोष्ट सुरू केली होती. पाचव्या भागाला तिच्या हुंकाऱ्याने एकच ओळ लिहिली, 'शेवट आत्ताच कळला.' गंमत म्हणजे शेवट तिला स्वतःलाही अजून कळला नव्हता. पण त्या एका ओळीने तिची वही जी मिटली ती मिटलीच; ब्लाउजपिसांच्या गठ्ठ्याखाली पडून होती. ती एक ओळ होती. आणि आपण दिले सतरा मुद्दे. त्या बाईने पुन्हा कधी लिहिलंच नाही तर?

"अवो," रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला सांगितलं, "मी गुरुवारी केळझरले जाऊन राह्यली."

"गणपतीले?" प्रफुलने विचारलं.

"एका बाईले भेटाले."

"कोन बाई?"

"आनंदाबाई."

"आडनाव?"

"विचारायचं नसते."

प्रफुलचा हात भाजीत थांबला. "गाव तरी?"

"केळझरच्या आसपास कुठीतरी. संकष्टीले त्यायनं लिवलं होतं, आज भाग उशिरा टाकतो, केळझरच्या बसा भरून जाऊन राह्यल्या म्हणून."

"मंग भेटशील कशी?"

"गोष्टीत हाय ना सगळं. बस उतरलं का डाव्या हातची पांदण, मंग नाला, नाल्यावर तीन चिंचा, चिंचेपासून निळी मोटारीची खोली दिसते."

प्रफुल जरा वेळ जेवत राहिला. "म्हंजे तू परत नाई आली त पोलिसाइले मी हेच सांगू का? नाला, तीन चिंचा?"

"थट्टा नका करू. माह्यामुळे एका बाईचं लिहिणं बंद पडलं."

तिचा आवाज ऐकून त्याने थट्टा सोडली. गुरुवारी सकाळी ऑफिसला निघताना मशीनवर गोरसपाकाचा, वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचा, पुडा ठेवून गेला. "रिकाम्या हातानं कोनी माफी मागाले जात नाई," म्हणाला. "अन् शेवटच्या बसच्या भरवशावर राहू नोको. लवकर येजो."

दुपारी तीनच्या सुमाराला नमिता केळझरच्या थांब्यावर उतरली. टेकडीवरच्या देवळाकडे बघून तिने हात जोडले, मग हे कसले हात जोडले असं स्वतःलाच विचारलं, आणि डाव्या हातच्या पांदणीला, शेतांमधल्या गाडीवाटेला, लागली.

पांदण होती. नालाही होता. चिंचा मात्र नव्हत्या. तिथे एक बाभूळ होती आणि बाभळीखाली एक म्हैस, आणि म्हशीच्या तोंडावरून दिसत होतं की तिला गोष्टीबद्दल काही माहीत नाही. नमिता पुढे गेली, तुरीत शिरली, तुरीतून कपाशीत निघाली, आणि अर्ध्या तासाने पुन्हा त्याच म्हशीपाशी आली तेव्हा तिच्या साडीच्या काठाला बोटबोटभर कुसळं चिकटली होती आणि फॉल एका जागी निसटला होता. स्वतःच्या हाताने लावलेला फॉल.

ती थांब्यावर परत आली आणि ताराचंदच्या हॉटेलात चहा सांगून बसली. हॉटेल म्हणजे एक टिनाचं शेड, एक भट्टी आणि आलुबोंड्यांची परात.

"इथं आनंदाबाई कुठी राहतात, भाऊ?"

"कोनत्या?" ताराचंद म्हणाला. "तीन हायेत. एक सरपंचाची काकू, एक बहिरी, अन् एक चंद्रभानची."

"ज्या लि..." नमिताने जीभ चावली. घरदार विचारायचं नाही तसं कोणाचं लिहिणं गावात फोडायचंही नाही. गयेचं गाव आठवून तिला ते आत्ताच कळलं. काय सांगावं? तिच्या तोंडून निघून गेलं, "मोटारीचा आवाज ऐकून बिघाड सांगतात त्या."

ताराचंदच्या हातातला झारा परातीवर थांबला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. हॉटेलात दुसरं कोणी नव्हतं तरी आवाज खाली आणला. "तुमाले कोनी सांगतलं?"

"कोणी नाही. असंच ऐकलं."

"कोनाची मोटार हाय?"

"माझी नाही, भाऊ. माझं फॉल-पिकोचं मशीन आहे."

"मशीन बी पाहतात का त्या आता?" ताराचंद स्वतःशीच म्हणाला, आणि मग एकदम कामाला लागल्यासारखं करून त्याने चार बोंडे उलटे केले. "उजव्या हातची पांदण धरा. माह्यं नाव नोका सांगू."

मुद्दा क्रमांक चार, नमिताने मनात म्हटलं, आणि त्यावर काट मारली.

उजव्या हातच्या पांदणीला नाला होता, नाल्यावर तीन चिंचा होत्या, आणि चिंचेखालून खोली दिसत होती. निळी नव्हे, पिवळी. तिच्या छतावर, पाय खाली सोडून, साठीची एक बाई बसली होती. कमरेला वेचणीचा ओटा, कापडाची झोळी, बांधलेला, त्यातून कापूस डोकावत होता. हातात मोबाईल, आणि मोबाईल कपाळापासून हातभर लांब धरलेला, चष्मा घरी विसरलेल्या माणसासारखा.

मुद्दा क्रमांक नऊ.

"आनंदाबाई?" नमिताने खालून हाक मारली.

"कोन हाय?"

"मी नमिता. 'मंग काय झालं'मधली."

छतावरच्या बाईने झटकन तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला, माय. वर या. शिडी लावलीच हाय."

बांबूच्या शिडीवरून साडी सावरत चढणं हा एक वेगळाच अभ्यास आहे, आणि नमिताने तो केलेला नव्हता. अर्ध्यात पोचल्यावर आनंदाबाईंनी हात दिला. तो हात बोंडांच्या काट्यांनी चिरलेला होता आणि त्याची पकड पक्कडीसारखी होती.

वर आल्यावर नमिताने गोरसपाकाचा पुडा पुढे केला आणि बसमध्ये पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "आनंदाबाई, मी ते जे सतरा मुद्दे लिहिले, ते लिहायला नको होते. मला काही कळत नाही त्यातलं. मी एक कार्यशाळा..."

"थांबा," आनंदाबाई म्हणाल्या. ओट्याच्या आतून, कापसाखालून, त्यांनी एक घडी काढली. चार पानं. घड्यांवर झिजलेली, एका कोपऱ्याला हळदीचं बोट. "आमच्या सुनेनं, वर्षालीनं, सेलूले जाऊन छापून आणले. मोबाईलवर बारीक दिसते ना."

नमिताला वाटलं, आता शिडीवरून उतरावं आणि थेट वर्धा गाठावं.

"माह्यावर आजपावतो कोनी चार पानं लिवले नाई," आनंदाबाई म्हणाल्या. "लग्नाच्या पत्रिकेत बी मी दीड ओळ होतो. त्यातली एक ओळ बापाची." त्यांनी घडी उलगडून मांडीवर नीट केली. "हा अकरावा पाहा. गया चवथ्या भागात रडते ते तिले शोभत नाई, लिवलं तुमी. एकदम खरं. गोष्टीत कोनीतरी रडलं पाह्यजे म्हनून टाकलं होतं मी. काढलं ते. तुमी सांगतलेलं बाकीचं बी चार जागी काढलं."

"मग," नमिताने विचारलं, "मग लिहिणं काऊन थांबवलं?"

"थांबोलं? कोनी थांबोलं?" आनंदाबाईंनी मोबाईल तिच्यापुढे धरला. आठवा भाग. अख्खा लिहिलेला, पाठवायच्या चौकटीत बसवलेला, फक्त बोट लावायचं बाकी. "दोन गुरुवार झाले, असाच उभा हाय."

"मग टाकला का नाही?"

रेशमी साडीला सुती दोऱ्याने फॉल लावून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे नमिता ज्या नजरेने पाहायची, त्या नजरेने आनंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"तुमी हूं कुठी म्हटलं?"

नमिताने आनंदाबाईंच्या मांडीवरच्या चार पानांकडे पाहिलं.

"नियम अकरा," आनंदाबाई शाळेतल्यासारख्या म्हणाल्या. "हुंकाऱ्याचा हूं आल्याशिवाय पुढचा भाग टाकू नये. नियम बारा. हूं मागून घेऊ नये. सहा भागाइले तुमी पयलेच हूं म्हटलं. सातव्याले पाह्यलं, एक दा पाह्यलं, दोन दा पाह्यलं. चार पानात हूं नाई." त्या थांबल्या. "तुमाले नियम पाठ नाईत का?"

"आहेत ना," नमिता म्हणाली. गिऱ्हाइकाला ती 'उद्या नक्की देते' असं म्हणायची, तसंच.

तीन वर्षं झाली. बेचाळीस माणसं. हूंच्या जागी टाळ्या आल्या, अंगठे आले, 'अप्रतिम' आलं, हुंकारी वाचो न वाचो दर गुरुवारी भाग येत राहिले. खुद्द नानांना अकरावा नियम आठवत असेल की नाही कोण जाणे. आणि श्रावणात आलेल्या या बाईने सगळेच्या सगळे वाचले, पाठ केले आणि पाळले. आपण ओळीच्या सुरुवातीला सवयीने हूं लिहीत होतो, कार्यशाळेत ती सवय पहिल्याच दिवशी मोडली.

"पण नुसतं एकदा विचारायचं ना, बाई. सगळे घाबरून गेले."

"मागून घेतलेला हूं कायच्या कामाचा? माही आजी गोष्ट सांगे. आमी दिवसभराचे दमलेले, झोपून जावो. हूं बंद झाला का आजी तिथंच थांबे. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. एक गोष्ट तीन-तीन हप्ते चाले. तिनं कधी उठवलं नाई आमाले." आनंदाबाईंनी पुडा फोडून एक गोरसपाक तोंडात टाकला. "मले वाटलं, तुमाले पटून नाई राह्यलं त इचार करून राह्यल्या. पटलं का म्हनान. घाई काय हाय."

"आणि ते हात जोडलेले?"

"चार पानं लिवले तुमी माह्यासाठी. नमस्कार नको कराले?"

नमिताला हसू आलं. आधी थोडं आलं, मग आवरेना. एकवीस दिवसांचं साचलेलं होतं. आनंदाबाई आधी नुसत्या बघत राहिल्या, मग त्याही हसू लागल्या, कशाला ते न कळता.

"आणि ती पांदण?" नमिताने डोळे पुसत विचारलं. "गोष्टीत डावीकडे आहे. मी अर्धा तास एका म्हशीभोवती फिरले."

"मुद्दाम केली डावी. खोली बी निळी केली. जसंच्या तसं ठेवलं असतं त गावानं ओळखलं असतं न." मग त्यांनी मान तिरकी केली. दूर कुठेतरी मोटारीची घरघर चालू होती. नमिताला ती आत्ताच ऐकू आली. "बाबारावची. हवा ओढून राह्यली. पाणी तुटलं खाली. आता बंद पडन."

नमिता ऐकत राहिली. तिला एकसारखीच घरघर ऐकू येत होती. तिने एक गोरसपाक खाल्ला, दुसरा घेतला. घरघर थांबली.

"बाबाराव उद्या पहाटे येईल बोलवाले," आनंदाबाई म्हणाल्या, "अन् दिवसा मले पाहून तिकडे तोंड करन."

ऊन कलायला लागलं होतं. नमिताला बस आठवली, प्रफुल आठवला. "मी निघते आता, बाई," असं म्हणून तिने काठाशी सरकून पाय खाली सोडला. पायाला काही लागेना. तिने खाली पाहिलं.

शिडी नव्हती.

"आता पटलं?" आनंदाबाई म्हणाल्या.

शेताच्या पलीकडच्या बांधावरून एक उंच म्हातारा खांद्यावर शिडी घेऊन चालला होता, अगदी सावकाश, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत.

"आमचे हे. चंद्रभान. रानडुक्कर येते न, त मचाणीवर अंथरून टाकाले नेतात रोज. एकच शिडी हाय." आनंदाबाईंनी हाक मारायचे कष्ट घेतले नाहीत. "पंधरा वर्षं झाले, वर पाहत नाईत. पयले मी आरडत जावो. मंग एक दिवस मोबाईल घेऊन बसलो, त रेंज सापडली. मंग आरडनं सोडलं. कापूस वेचून झाला का तासभर कोनी चूल पेटव म्हनत नाई, कोनी पानी दे म्हनत नाई. हाच तास हाय माहा."

नमिताने मनातल्या मनात सोळावा मुद्दा खोडला. मग तिच्या लक्षात आलं की गटातल्या बेचाळीस जणांपैकी शिडी कोणी नेली हे फक्त तिला माहीत आहे. "म्हणजे गोष्टीतली शिडीपण नवऱ्यानेच नेली? विसरून?"

"ते गोष्टीत पाहा."

"सांगा ना. इथे कोण आहे ऐकायला?"

"दिवसा गोष्ट नाई सांगत. दिवसा सांगतली का कोनाचा तरी मामा वाट चुकते."

"मी चुकलेच ना."

"तुमी कोनाच्या मामा?"

दोघी उरलेला पुडा मध्ये ठेवून बसल्या. खाली कपाशी पांढरी दिसत होती, देवळाची घंटा एकदा वाजली. नमिताने प्रफुलला कळवलं, 'भेटल्या. शेवटच्या बसने येते.' उत्तर आलं, 'चिंचा किती निघाल्या?' तिने लिहिलं, 'तीन.'

"तुमची गोष्ट पाचव्या भागावर थांबली," आनंदाबाई एकाएकी म्हणाल्या.

नमिता दचकली. "तुम्ही कुठे वाचली? तुम्ही तेव्हा गटात नव्हत्या."

"वर्षालीनं काढून देल्ली. गटाच्या पयल्या दिवसापासून सगळ्याइच्या गोष्टी हायेत न तिथं, वर जात गेलं का सापडतात. त्याच्यात तुमच्या हुंकाऱ्यानं लिवलं, शेवट कळला." त्यांनी गोरसपाकाचा चुरा ओट्यावरून झटकला. "त्याले कळला असन. मले नाई कळला. तुमची ती बाई मशीन विकून कुठी गेली, हेच मी अजून पाहून राह्यलो."

"मलाही माहीत नाही," नमिता हळू आवाजात म्हणाली.

"मंग त बरंच हाय. तुमाले माहीत नाई, मले माहीत नाई. लिहून पाहा. तुमच्या चिठ्ठीत माहं नाव टाका म्हना नानाले. मी हूं म्हनत जाईन. वाचल्याबिगर नाई म्हनणार पन."

नमिताच्या डोळ्यापुढे ब्लाउजपिसांचा गठ्ठा आला, आणि त्याखालची वही. हळदीकुंकवाच्या आधी ती ब्लाउजपिसं तशीही उचलावीच लागणार होती.

दिवस टेकडीमागे गेला. चिंचांवर बगळे उतरले. गावात कोणाच्या तरी घरी दिवा लागला.

"आता?" नमिताने विचारलं.

"तुमाले पटलं असन तं."

नमिताने मोबाईल काढला. गटावर संध्याकाळची गडबड सुरू झाली होती; चारुता विचारत होती की आजही गयेचा भाग नाही का. नमिता तीन आठवडे मागे गेली, सातव्या भागापाशी पोचली. तिथे तिचेच सतरा मुद्दे उभे होते, क्रमांक घालून, दारात रांग लावलेल्या वऱ्हाडासारखे. त्यांच्या खाली तिने लिहिलं:

'हूं.'

आणि पाठवलं.

आधी नाना आले. 'अकरावा नियम,' त्यांनी लिहिलं. आणि थोड्या वेळाने, 'माझाच. मी विसरलो होतो.' त्यानंतर कोणाकोणाला काय काय आठवलं, कोणी कोणाला तीन वर्षांत किती हूं द्यायचे राहिले, याची एकच झुंबड उडाली. चारुताने एकदम नऊ हूं पाठवले, निरनिराळ्या लोकांना.

शेजारी आनंदाबाईंनी पदराने बोट पुसलं, मोबाईल हातभर लांब धरला आणि चौकटीवर टेकवलं. नमिताच्या हातातला मोबाईल थरथरला.

भाग आठवा.

तिने विचारलं नाही, आनंदाबाईंनी सांगितलं नाही. छतावर दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या आणि नमिता गोष्ट वाचत होती. पुण्यात चारुता वाचत होती, पवनारला नाना वाचत होते, तशीच तीही. गया छतावर अडकली होती. बांधावरून कोणीतरी चालत येत होतं, खांद्यावर काहीतरी लांब घेऊन. तो दीर नव्हता. सरपंचही नव्हता.

खाली खडखड झाली. शिडी भिंतीला टेकली. चंद्रभान वर न बघता म्हणाले, "कोन हाय वर? दोन आवाज येऊन राह्यले मघापासून. उतरा, शेवटची बस हाय आता."

नमिताने पान सरकवलं.

"ऐकलं का, बाई? शिडी लावली म्हटलं," चंद्रभान खालून पुन्हा म्हणाले.

"हूं," नमिता म्हणाली, आणि वाचत राहिली.